एक कमी

माझ्या मागच्या खोलीत एक विमान आहे. थट्टा नाही करून राहिली. विमान आहे, त्याच्या भोवती विमान दुरुस्त करायचा अख्खा कारखाना आहे, आणि ते सगळं फळ्यांवर असं बसवलेलं आहे की खोलीच्या दारातून बाहेर निघत नाही. ज्यानं बनवलं तो माणूस आता नाही. खोली किरायानं देता येत नाही, आणि मोडून फेकावं म्हटलं तर हात धजत नाही. सौंसरात कोणी घर बांधायला काढलं की मी आपली सांगत असते, बाप्पा, मागच्या खोलीचं दार मोठं ठेवा.

हा माणूस माझा किरायदार होता. बोलताना मी त्याला अहो-जाहो करायची, पण मनातल्या मनात अरे-तुरेच चालायचं, आणि ती सवय अजून गेली नाही. त्याच्या एका शब्दापायी पांढुर्ण्याच्या एका माणसाचं नाव खराब झालं होतं. ते धुऊन काढता येते का, एवढ्यासाठी तो माझ्या खोलीत दार लावून बसत होता. हे मला फार उशिरा समजलं. तोवर माझी पक्की खात्री होती की तो बाँब बनवून राहिला आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढं कोणी नावं ठेवायला नको. मी जात्याच संशयी. दूधवाल्यानं दूध घातलं की मी बोट बुडवून पाहते, सिलिंडर आला की हलवून पाहते, आणि भाजीवाली फार गोड बोलली की वांगं उलटं करून पाहते. नवरा होता तोवर त्याच्यावर नजर ठेवायची. तहसीलीत बाबू होता बिचारा, जरा उशिरा आला की मी त्याचा डबा हुंगायची. तो गेला आणि मला पाहायला अख्खा मोहल्ला मोकळा मिळाला. मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. मशीन खिडकीपाशी ठेवली आहे. उजेडासाठी ठेवली, असं मी सांगते.

तर तो आला एका लोखंडी पेटीसोबत. म्हातारा, ताठ, अंगावर इस्त्रीचा शर्ट. गाव रामाकोना, पण तिथं आता कोणी राहिलं नाही म्हणे. बायको गेलेली, मुलगी दूर कुठंतरी. मी विचारलं, काम काय करत होते? म्हणाला, "मशीनचं काम केलं जी जिंदगीभर."

"कोणत्या मशीनचं?"

"उडणाऱ्या."

मला वाटलं, पंखे दुरुस्त करत असेल. चला, घरातला एक पंखा घरघर करते, तो फुकटात होईल, म्हणून मी खोली दिली. पंखा त्यानं केला, अजून आवाज नाही करत. पण त्यासाठी तो शिडीवर चढला तेव्हा त्यानं आधी हातातलं घड्याळ काढलं, गळ्यातला गंडा काढला, शर्टाच्या बाह्या झटकल्या, चपला झटकल्या, आणि मला म्हणाला, "पाहून घ्या, माझ्यापाशी काही नाही." मी म्हटलं हा चोर आहे. साधा माणूस असं काहून म्हणेल?

पहिल्याच आठवड्यात तो शर्टांचा गठ्ठा घेऊन माझ्या मशीनपाशी उभा.

"बाई, याचे खिसे काढून टाका."

"फाटले का?"

"नाही. खिसाच नको."

"मग चष्मा, रुमाल, पैसे कुठं ठेवाल?"

"ठेवतच नाही. माणूस झुकते, अन खिशातलं पडते."

"पडलं त उचलायचं!"

"दिसलं तर उचलाल ना, बाई," तो म्हणाला, आणि असा माझ्याकडे पाहत राहिला जसं काही मी फार मोठी चूक बोलली.

इतकी वर्षं शिवून राहिली मी. बायांनी चोरखिसे लावून घेतले, सासूला दिसू नये म्हणून परकरातसुद्धा खिसे लावून घेतले. पण चांगले खिसे उसवून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्या दिवसापासून मी मशीनची मान थोडी मागच्या खोलीकडे वळवून घेतली.

मग खडूच्या रेघा सुरू झाल्या. आधी ओट्यावर त्याच्या चपलांच्या भोवती. चपला घालून तो गेला की ओट्यावर दोन पायांचे आकार उरायचे, आणि आला की बरोबर त्यातच चपला काढायचा. मग मोरीच्या दगडावर साबणदाणीचा आकार आला, भिंतीवर आरशाचा, कंगव्याचा, दात घासायच्या ब्रशचा. समोरची वहिनी माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली होती, तिनं ओटा पाहिला आणि तिथंच थबकली.

"माय वं! मुडद्याभोवती पोलीस काढते ना, तसं आहे हे."

"चपलांचं आहे ते."

"आज चपलांचं आहे. उद्या तुमच्या खाटेचं काढन, मंग पाहजा. मी सांगतो, शनिवारी त्याले जामसांवलीच्या मारुतीपाशी घेऊन चला, बाधा उतरन. नाहीतर सरळ थान्यात."

वहिनीचं कसं आहे, ती मला भिववायला येते आणि स्वतः भिऊन जाते. पण त्या दिवशी मी तिला हसली नाही. कारण सकाळीच मी त्याला चहा दिला होता, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं तो रिकामा गिलास ठेवत असे, तिथं पेन्सिलीनं काढलेला एक गोल मला दिसला होता. माझ्या घरात! मी भांडायला गेली. तो शांतपणे म्हणाला, "वस्तू पळत नाही, बाई. तिची जागा दिसत नाही, म्हणून ती हरवते. आता तुमचा गिलास कधी हरवला तर लगेच समजेल."

"माझा गिलास आजवर हरवला नाही."

"मोजला होता?"

मी घरी येऊन भांडी मोजली. एक वाटी सापडली नाही. माझा संशय अर्थात त्याच्यावरच गेला. ती पुढं वहिनीच्या घरी निघाली, पण ते वेगळं.

तो बाहेरून काय काय उचलून आणायचा! संत्र्याच्या मोडक्या पेट्यांच्या पातळ पट्ट्या, वाळलेले बॉलपेन, घड्याळजीकडची बंद घड्याळं, मोबाईलवाल्याकडची तारांची गुंतवळ, जुन्या रेडिओची एरियल. माझ्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यानं मागून घेतली. मशीनखालच्या चिंध्या मागितल्या. फळ्या एकेक करून खोलीत गेल्या, बाहेर एकही आली नाही. खिडकीला त्यानं आतून कागद चिकटवले. थिनरचा वास असा यायचा की माझ्या पोळीला रंगाची चव लागायची. आणि एक दिवस तो म्हणाला, "बाई, तुमच्या केसांतली एक काळी पिन देता का?"

मी चमकलीच. बाईच्या केसातली पिन मागते म्हणजे काय! वहिनीला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी लिंबू-मिरची बांधली असती. मी पिन दिली, पण आधी धुऊन, एकही केस राहू न देता, आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहत. त्यानं ती उजेडात धरली, वाकवून पाहिली. म्हणाला, "पोलाद चांगलं आहे." आणि गेला.

पण या सगळ्यापेक्षा जे मला खरं भिववायचं ते वेगळंच होतं. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा. हळूहळू काहीतरी मोजल्यासारखा. मग थोडा वेळ शांत. मग अगदी स्पष्ट दोन शब्द.

"एक कमी."

रोज. पाऊस असो, लाइन गेलेली असो, पाहुणे असोत. मी भाकरी टाकत असायची आणि तिकडून यायचं, एक कमी. मला वाटायचं, यानं कोणाकोणाला मारायचं ठरवलं असेल, आणि आता एकच राहिला. तो एक म्हणजे मी, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

आणि तो पांढुर्ण्याला जायचा. दर थोड्या दिवसांनी, सकाळच्या बसनं, बिनखिशाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा डबा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा डबा तसाच, दोरीसुद्धा सुटलेली नसायची. मला द्यायचा, म्हणायचा, "खा बाई, तिथं घेतला नाही." मी विचारलं, कोणी घेतला नाही? तर म्हणे, "आहे एक माणूस. दार उघडत नाही." मी पेढा घेतला, पण पहिला तुकडा भिंतीवरच्या कावळ्याला टाकला. कावळा खाऊन उडाला, तेव्हा मी खाल्ला. पेढा चांगला होता. पण डबा परत आणताना त्याचं तोंड मी पाहिलं होतं, आणि ते तोंड चोराचं वाटत नव्हतं, हे मला त्या दिवशी आवडलं नाही. माझा अंदाज चुकला की मला चैन पडत नाही.

शेवटी थिनरच्या वासानं हद्द केली. दुपारी वहिनी नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, आज मी थान्यात चाललो, मंग तुमचंही नाव येईन, घर तुमचं आहे. मी उठली आणि त्याचं दार ठोकलं.

"हे पाहा, आजच्या आज खोली खाली करा."

"खाली नाही करता येत, बाई."

"काहून?"

"दारातून निघत नाही."

दारातून निघत नाही असं काय असते माणसाच्या खोलीत? जे डोळ्यांपुढं आलं ते सांगायची सोय नाही. पण मागं वहिनी उभी होती, माघार कशी घेणार? मी म्हटलं, "मंग दाखवा मले काय आहे ते. नाही त सरळ पोलीस."

त्यानं आधी माझे हात पाहिले. मग म्हणाला, "या. पण हातात काही नको. किल्ल्या बाहेर ठेवा, बांगडीतल्या पिना बाहेर ठेवा. अन तुमीच या, दोघी नको." मी किल्ल्यांचा जुडगा आणि पिना वहिनीच्या हातात दिल्या. डोळ्यानं तिला सांगितलं की ओरडली तर धावून ये. ती लगेच खिडकीखाली जाऊन बसली.

आत गेली आणि पाहतच राहिली. खोलीभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कारखाना. संत्र्याच्या पेट्यांच्या पट्ट्यांचं छत, त्याला पेलणाऱ्या तिरप्या कैच्या, कोपऱ्यात बोटाएवढा पंखा, रेतीच्या लाल बादल्या, तेलाचे डाग पडलेली फरशी. मधोमध विमान, पोट उघडलेलं, आतल्या तारांचं जाळं दिसत होतं. विमानाचा पत्रा चमकत होता, आणि जवळ जाऊन पाहते तर माझ्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं! टेबलावर तेलकट फडकं पडलं होतं, ते समोरच्या वहिनीच्या ब्लाउजचं अस्तर. इंजिनाजवळ चाकांचं एक वीतभर उंच मचाण उभं होतं, वर चढून काम करायचं असते तसं. आणि त्या कारखान्याच्या भिंतीवर एक पाटी. पाटीवर माशीच्या पंखाएवढी अवजारं लटकलेली, प्रत्येकाच्या मागं त्याचाच काळा आकार रंगवलेला. एक आकार रिकामा होता. त्यावर अवजाराऐवजी पितळेची एक टिकली लटकत होती.

"हेच का तुमचं एक कमी?" मी विचारलं.

"हव. तो पाना तिथं आहे, मचाणावर." त्यानं बोट दाखवलं. मचाणाच्या फळीवर माझ्या केसांच्या पिनेचा तुकडा पडला होता, ठोकून, घासून, पाना होऊन. "तुमीच दिलेला. कुठं ठेवावा हे समजून नाही राह्यलं. कधी विमानात ठेवून पाह्यला, कधी फरशीवर. आता तो म्हणत होता तिथं ठेवला आहे."

तो म्हणजे कोण, हे विचारायला मी पुढं वाकली. आणि माझ्या पदराचं टोक मचाणावरून गेलं. मी मागं झाली, पाहते तर फळीवर पाना नाही.

त्यानं काय केलं? दाराची कडी लावली.

"सापडल्याबिगर कोणी बाहेर जात नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "पदर झटका, बाई."

मी झटकला. निऱ्या झटकल्या. अंबाडा सोडून दाखवला. दोघांनी फरशी पाहिली, टेबल पाहिलं, विमानाच्या पोटात बॅटरी मारून पाहिली. नाही. मी मान वर केली तर तो माझ्या मुठींकडे पाहत होता. मी आयुष्यभर लोकांकडे जसं पाहत आली, अगदी तसं. सांगते, अंगाची लाहीलाही झाली.

"काय पाहून राहिले? मी चोर दिसतो का तुमाले?"

"मी चोर नाही म्हटलं."

"डोळ्यानं म्हटलं ना!"

तो एकदम खाली बसला. म्हणाला, "त्याच्याकडंबी मी असंच पाह्यलं होतं, बाई."

मग त्यानं सांगितलं. विमान दुरुस्तीच्या कारखान्यात तो मिस्त्री होता. तिथं भिंतीवर अशीच पाटी. ज्यानं अवजार घेतलं त्यानं त्या आकारावर आपला पितळेचा बिल्ला लटकवायचा. काम संपलं की अवजार परत लावायचं आणि ओरडायचं, "पूर्ण". मग मिस्त्री म्हणायचा, "सोडा". तेव्हा कुठं दार उघडायचं, विमान निघायचं, माणसं घरी जायची. एक आकार रिकामा असला तरी विमान हलत नाही. "तो पाना इंजिनात राह्यला अन विमान वर गेलं, तर सांगा काय होईन?"

हा पांढुर्ण्याचा माणूस त्याच्याच हाताखाली होता. आपल्याकडचा म्हणून यानंच त्याला कामावर लावलं होतं. जिवाभावाचे. एक दिवस त्याच्या बिल्ल्याखालचा पाना गेला. तो म्हणे, मचाणावर ठेवला, फडकं घ्यायला वळला, पाहते तर नाही. "विमान उघडलं, नाली उघडली, त्याच्या डब्यातली पोळी मोडून पाह्यली. मंग साहेबानं मले विचारलं, मिस्त्री, हा खरं बोलते का? मी म्हटलं, नाही सांगता येत."

"एवढंच?"

"एवढंच. हव म्हटलं असतं तर राह्यला असता तो. काढलं त्याले. गावी आला तर नाव आधीच येऊन बसलं होतं, पानाचोर. लग्नात पंगतीतून उठला की लोक हसून चमचे मोजते. म्हणून तो लग्नालेच जात नाही. मी दारात गेलो तर सून सांगते, घरी नाही. आत खोकलते तो, मले ऐकू येते."

कडी लागलेलीच होती आणि पाना सापडला नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून ओरडली, "वहिनी, माझ्या मशीनवरचं लोहचुंबक द्या!" ते माझ्याकडे असतेच, सुया-टाचण्या सांडल्या की मी तेच फिरवते. खिडकीखालून लगेच "हव" आलं. थोड्या वेळानं कागद फाटला आणि वहिनीचा हात लोहचुंबकासकट आत आला.

फरशीवर फिरवलं, काही नाही. फळ्यांवर फिरवलं, नाही. मचाणाजवळून हात नेला आणि मचाणच चालत येऊन लोहचुंबकाला टक करून चिकटलं.

"लोखंडाचं आहे हे," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "पितळेचं आहे. रेडिओच्या एरियलचं."

त्यानं मचाण उचललं, कानाशी धरलं, हलवलं. आत खुळखुळ वाजलं.

मचाणाला कठडा होता. इंजिनापाशी हात जावा म्हणून त्याची एक बाजू उपसून काढता यायची, आणि काढली की कठड्याचे पाय ज्या नळ्यांत बसत त्यांची तोंडं फळीच्या कडेला उघडी राहायची. त्या नळ्या म्हणजेच मचाणाचे पाय. आतून पोकळ, खाली चाकानं बंद. खऱ्या कारखान्यात त्या दिवशी कठडा काढलेला होता, म्हणून यानंही काढून ठेवलेला. जसं होतं तसं बनवलं आणि जसं झालं तसं झालं. "सारं उघडून पाह्यलं," तो म्हणत होता. "मचाणाच्या पायात कोणी पाह्यलं नाही. मी नाही पाह्यलं." म्हातारा माणूस, मचाण छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. खिडकीखाली वहिनीही रडत होती, तिला काय समजलं होतं कोणास ठाऊक.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. माझी भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढुर्ण्याला गेलो. अख्खा कारखाना न्यायची त्याची इच्छा होती, पण दार सांगितलंच. पाटी आणि मचाण तेवढं काढून माझ्या पोळ्यांच्या डब्यात कापूस घालून ठेवलं. लोहचुंबक मी माझ्या पिशवीत घेतलं. मी काहून गेली? तो एकटा गेला असता तर पुन्हा पेढ्याचा डबा घेऊन आला असता, म्हणून.

सुनेनं दार उघडलं आणि त्याला पाहून म्हणाली, बाबा घरी नाहीत. आतून खोकला आला. मी म्हटलं, "बाई माझे, मले पाणी पाहिजे, बसनं जीव घाबरून राह्यला," आणि तिच्या बाजूनं आत शिरली. बाईमाणसाला पाणी कोण नाही म्हणते? तो माझ्या मागं आला.

आतला माणूस खुर्चीत बसला होता, वाळलेला, डोळे मात्र धारेचे. त्यानं याच्याकडे पाहिलंच नाही. यानं डबा उघडला, पाटी भिंतीला टेकवून उभी केली, मचाण हातात दिलं आणि सगळं सांगितलं. कठडा, नळी, खुळखुळ. एकदाही थांबला नाही, बहुतेक बसमध्ये पाठ केलं असेल. त्या माणसानं मचाण कानाशी हलवलं. ऐकलं. मग परत याच्या हातात दिलं.

"हे तूच बनवलं," तो म्हणाला. "पानाही तूच टाकला असशील आत."

याच्यापाशी दुसरा पुरावा काही नव्हता. खरं मचाण कधीच भंगारात वितळून गेलं असेल. याचं तोंड असं झालं की मला त्या पेढ्याच्या डब्याची आठवण आली, आणि माझं डोकं फिरलं.

"यानं नाही टाकला!" मी म्हटलं. "माझ्या पदरानं पडला."

"तुमी कोण?"

"घरमालकीण. अन याच्यासाठी खोटं बोलाले मले काय पडलं जी? मी त याले घराच्या बाहेर काढून राह्यली होती! हा बाँब बनवते म्हणून पोलिसात देणार होती. यानं मले कोंडून अंबाडा सोडाले लावला, मले चोर समजला. यानं टाकला असता त मले चोर समजला असता का? अन तुमी सांगा, त्या दिवशी कठडा काढला होता का नाही?"

सून पाण्याचा गिलास घेऊन तशीच उभी.

"काढला होता," तो माणूस म्हणाला. "इंजिनापाशी हात जात नव्हता." मग पहिल्यांदा त्यानं याच्याकडे सरळ पाहिलं. "मिस्त्री, मले त आजवर वाटत होतं, पाना तूच उचलला."

"मी?"

"तुह्या पुतण्याले लावाचं होतं ना माह्या जागी. असं वाटे मले."

"माहा पुतण्या त तेव्हा शाळेत होता, लेका."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मला हसू येऊन राहिलं होतं. माझ्यासारखे अजून दोन, एवढी वर्षं, एका गावातून दुसऱ्या गावावर नजर ठेवून.

मी पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि मचाणाच्या पायाला खालून लावलं. हळूहळू वर सरकवत गेली. आतून खरखर आवाज येत होता. नळीच्या तोंडाशी पान्याचं टोक दिसलं, तसा त्या माणसाचा हात पुढं आला. पाना चिमटीत बरोबर आला. त्याला उठवायला सून पुढं झाली, त्यानं तिला बाजूला केलं. पाटीपाशी गेला, पितळेची टिकली काढून मुठीत घेतली, आणि माझ्या केसांतली ती पिन तिच्या काळ्या आकारावर लटकवली. हात खाली घेतला. मागं सरकून सगळी पाटी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"पूर्ण," तो म्हणाला.

आता मिस्त्रीनं बोलायचं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द काही फुटेना. तो माणूस पाटीसमोर तसाच उभा होता, पाठमोरा, वाट पाहत. मला राहवलं नाही.

मीच म्हटलं, "सोडा."